४०५ चौरस फूट, दहा वर्षांनंतर: लालबागमधील एका पुनर्विकसित चाळीचा अभिप्राय

आमच्या पुनर्वसन इमारतीच्या किल्ल्या एप्रिल २०१६ मध्ये हातात पडल्या. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात विकासकाने कॉर्पस निधी ठेवावा आणि त्यातून इमारतीची दहा वर्षे देखभाल व्हावी, अशी तरतूद आहे. ती दहा वर्षे यंदा भरली. शेजारच्या गल्लीतील चाळीत सध्या विकासकांच्या सभा चालू असल्यामुळे तिथले कोणी ना कोणी दर रविवारी आमच्याकडे डोकावते आणि दारात चपला काढता काढता विचारते, "घर ऐसपैस आहे हो तुमचे, पण एकंदरीत कसे?" दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, असे ठरवले. विकासकाचे नाव मी देत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा असता तरी फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. दोष आहे तो योजना ज्या पद्धतीने बांधली आहे तिच्यात.

आधी निकाल सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढे वाचावे लागणार नाही. घर उत्तम आहे. इमारत बेताची आहे. आणि श्रीमंत व सामान्य माणसे एकाच भूखंडावर राहतील, एकाच्या पैशातून दुसऱ्याला घर मिळेल, असे जे या योजनेचे मूळ आश्वासन आहे, त्यातील पैशाचा भाग पाळला गेला आणि राहण्याचा भाग सहा फुटी भिंतीपाशी अडला.

ही योजना काय आहे, हे मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे भाडेकरूंना आसरा मिळाला, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि पावसाळ्यागणिक जुन्या इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, भाडेकरूंकडून उपकर घेण्याची पद्धत सुरू झाली, आणि ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या या इमारतींना 'उपकरप्राप्त' हे नाव पडले. उपकरातून टेकू लागले, गिलावा झाला, गच्चीवर पत्रे आले. इमारती मात्र म्हाताऱ्याच राहिल्या. त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातील घराघरातला पगार बंद पडला तो पडलाच. आमच्या मजल्यावरच्या अकरा खोल्यांपैकी आठ खोल्यांत गिरणीत जाणारा माणूस होता; पुढे त्यातला कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी गेला तो परत आला नाही.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन भाग करून एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी वाटणी घातली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ गिरणीतील आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मिश्र वस्ती उभारण्याची या शहराला मिळालेली सर्वांत मोठी संधी तीच होती, असे माझे मत आहे. ती हुकल्यावर गिरण्यांच्या जागी मनोरे आले आणि मनोऱ्यांच्या सावलीत टेकू लावलेल्या चाळी राहिल्या. त्या चाळींसाठी जो मार्ग उरला, त्याला आमच्याकडे आजीबाईसुद्धा 'तेहतीस-सात' म्हणतात.

विकास नियंत्रण नियमावलीतील या नियम ३३(७) चा व्यवहार समजायला अवघड नाही. भाडेकरू एक पैसा देत नाही. विकासक जुनी चाळ पाडतो, १३ जून १९९६ पूर्वीपासूनच्या प्रत्येक पात्र भाडेकरूला त्याच जागी किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर बांधून देतो आणि त्या बदल्यात पुनर्वसनाच्या क्षेत्रावर ५० टक्के किंवा अधिक प्रोत्साहनपर क्षेत्र मिळवून ते बाजारभावाने विकतो. २०१२ च्या सुरुवातीला फंजिबल, म्हणजे मूळ मर्यादेवर जादा मिळणाऱ्या, चटईक्षेत्राचा नियम आल्यावर पुनर्वसनाच्या घरांना आणखी ३५ टक्के क्षेत्र अधिमूल्याशिवाय मिळू लागले. ३०० चे ४०५ झाले ते त्यामुळे. आमची चाळ त्याच वर्षी रिकामी झाली. सभेत विकासकाच्या माणसाने हे १०५ फूट "शेठनी खास तुमच्यासाठी" दिल्याचे सांगितले होते, आणि आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. ते नियमानेच मिळणार होते, हे आम्हाला वर्षभराने कळले.

आता घराविषयी. आमची जुनी खोली दहा बाय अठराची होती. कोपऱ्यात मोरी, वर माळा, बाहेर सामायिक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला मजल्याचे चार संडास. आईचे गुडघे गेल्यानंतर पहाटे त्या टोकापर्यंत जाणे हा तिच्या दिवसातला सर्वांत मोठा प्रवास होता. नव्या घरात हॉल, एक झोपण्याची खोली, वेगळे स्वयंपाकघर, आतच न्हाणीघर आणि आतच कमोडचा संडास आहे. राहायला आल्यावर पहिले आठ दिवस आई रात्री उठून केवळ दिवा लावून बघून येत असे की तो आहे ना. या एका गोष्टीसाठी मी या योजनेला पाचपैकी पाच तारे देईन, आणि पुढे जी काही टीका करणार आहे ती या ताऱ्यांना धक्का न लावता करणार आहे.

बांधकामाचा दर्जा मात्र भूखंडावरच्या दोन इमारतींत, म्हणजे आमच्या आणि बाजारभावाने विकलेल्या घरांच्या इमारतीत, दोन प्रकारचा आहे. आमच्याकडे हॉलमधल्या बारा लाद्या दुसऱ्याच वर्षी पोकळ वाजू लागल्या, न्हाणीघराच्या छतातून वरच्या घराचे पाणी झिरपते आणि ओट्याचा काळा कडप्पा सांध्यावर उचकला आहे. कार्पेट क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मोजताना आम्ही स्वतः फीत लावली होती, त्यामुळे क्षेत्राची फसवणूक झाली नाही. हे आवर्जून लिहितो, कारण शेजारच्या चाळीतील लोकांची सगळी भीती मोजमापाची आहे. खरा तोटा खिडकीत आहे. आमची पूर्वेची खिडकी विक्रीच्या इमारतीच्या पार्किंग पोडियमकडे उघडते, आणि सहाव्या मजल्यापर्यंतच्या घरांना समोर जाळीआड गाड्यांचे मागचे दिवे दिसतात. आम्ही नवव्या मजल्यावर असल्याने सुटलो. ही तक्रार लाडाची नाही. गोवंडी-मानखुर्दकडील लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती अवघ्या तीन-तीन मीटरवर उभ्या केल्या गेल्या, आणि उजेड व वारा न पोहोचणाऱ्या तेथील घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या पाहणीतून पुढे आला. आमची अवस्था तितकी बिकट नाही. पण नकाशा पाहताना लोक स्वयंपाकघर कुठे आहे ते बघतात आणि समोरची इमारत किती अंतरावर आहे ते बघत नाहीत, हे मी आमच्याच सभेत पाहिले आहे.

मधल्या चार वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भाड्याचे धनादेश पहिली दोन वर्षे वेळेवर आले, तिसऱ्या वर्षी तीन-तीन महिने रखडले, आणि आम्ही घाटकोपर, कळवा, नालासोपारा असे विखुरलो. या काळात सात कुटुंबांनी हक्क विकून टाकले. नियमात पुनर्वसन जागच्या जागी आहे हे खरे, पण घर उभे राहीपर्यंत तग धरण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्याचेच पुनर्वसन जागच्या जागी होते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे महिन्याचे बिल. चाळीत आम्ही उपकरासह महिन्याला दीडशे रुपयांच्या आत भाडे भरत होतो. आज सोसायटीचे मेंटेनन्स प्रत्येक घराला २,९०० रुपये आहे. आमची इमारत सोळा मजल्यांची असून मजल्यावर सहा, अशी ९६ घरे आहेत. सोळा मजल्यांना लिफ्ट लागते आणि लिफ्टला वार्षिक देखभालीचा करार लागतो. पाणी वर चढवायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. अग्निशमन यंत्रणेची तपासणी करून घ्यावी लागते, टाक्या धुवाव्या लागतात, दोन पाळ्यांचे वॉचमन ठेवावे लागतात. चाळीत यातले काहीच नव्हते. जिना झिजायचा, पण जिन्याचे बिल यायचे नाही.

हे सारे पुनर्विकासाच्या करारावर सह्या होताना ठाऊक होते, म्हणूनच तर कॉर्पसची तरतूद. आमच्या करारात घरटी १ लाख रुपये, म्हणजे एकूण ९६ लाख रुपये ठरले. आकडा ऐकून सभेत कुजबुज झाली होती. एवढ्या पैशाचे करायचे काय, असेही एकाने विचारले होते. ९६ लाखांवर सहा टक्के दराने वर्षाला ५ लाख ७६ हजार व्याज येते, म्हणजे महिन्याला ४८ हजार, म्हणजे घरटी ५०० रुपये. उरलेले २,४०० प्रत्येकाच्या खिशातून. हा तिसरी-चौथीतला हिशेब आमच्यापैकी कोणीही सही करण्यापूर्वी मांडला नाही, मीही नाही, आणि मी तर हिशेबनीस म्हणून नोकरी करतो. सहाव्या वर्षी बाहेरच्या प्लंबिंगचे मोठे काम निघाले तेव्हा मुद्दलाला हात लागला, आणि त्यानंतर व्याज घरटी ३०० वर आले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला आणि आमची घरे त्यात बसली. तो निर्णय झाला नसता तर आजचे थकबाकीदार दुप्पट असते. सध्या ९६ पैकी १९ घरांची थकबाकी आहे. नोटीस काढणे हे सचिव म्हणून दोन वर्षे माझ्याकडे होते, आणि ज्या काकूंच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालो त्यांच्या दाराला नोटीस चिकटवताना मी लिफ्टने न जाता जिन्याने गेलो होतो, कोणी भेटू नये म्हणून. त्यांनी पुढच्या वर्षी घर भाड्याने दिले आणि त्या मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या. कागदावर त्या लालबागच्या घराच्या मालकीण आहेत. योजनेच्या हिशेबात त्यांचे यशस्वी पुनर्वसन झालेले आहे.

याच भूखंडावर, भिंतीपलीकडे, विक्रीची इमारत आहे. तिचे फाटक मुख्य रस्त्यावर आहे, आमचे मागच्या गल्लीत. पोडियमवरची बाग, मुलांचे झोके आणि चालण्याची वाट त्यांच्या सोसायटीकडे आहे. आमच्या मुलांना स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, दुचाकींमधून उरणारी जागा आहे. दोन सोसायट्या वेगळ्या, दोन पाण्याच्या टाक्या वेगळ्या, दोन वॉचमन वेगळे. मधल्या भिंतीत लोखंडी दार आहे, कारण मंजूर नकाशात ती अग्निशमन गाडीसाठी वाट आहे, पण त्याला बाहेरून कुलूप असते. आमच्या बाराव्या मजल्यावरच्या एक वहिनी त्या इमारतीत दोन घरी पोळ्यांचे काम करतात. त्यांच्या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंतचे हवाई अंतर असेल तीस मीटर. वहिनी गल्लीतून निघून मसाला गल्लीच्या कोपऱ्याला वळसा घालून, मुख्य फाटकावर ओळखपत्र दाखवून, सेवकांच्या लिफ्टने वर जातात, आणि त्याला सकाळच्या गर्दीत बारा मिनिटे लागतात. त्या स्वतः याबद्दल तक्रार करत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की पावसात तरी कुलूप काढावे.

पलीकडच्या लोकांना मी वाईट म्हणणार नाही. कोणी सुखासुखी दुसऱ्याचा मेंटेनन्स भरत नाही, आणि त्यांनी घर घेताना माहितीपत्रकात आमची इमारत दाखवलीच नव्हती. चित्रात आमच्या जागी झाडे होती. गणपतीत त्यांच्यातली काही कुटुंबे आमच्या स्टिल्टमधल्या मंडपात येतात, वर्गणीही सढळ देतात, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या पंपाचे काम अडले तेव्हा त्यांच्या समितीतल्या एका गृहस्थांनी स्वतःचा अभियंता पाठवला होता. शेजारधर्म आहे. नाही ती व्यवस्था.

ही व्यवस्था कशी असू शकते याचे जे उदाहरण मला सर्वांत विचार करायला लावते, ते अमेरिकेतील अटलांटाचे आहे. तेथील 'ईस्ट लेक मेडोज' ही १९७० च्या सुमाराची ६५० घरांची सरकारी वसाहत गुन्हेगारीमुळे 'लिटल व्हिएतनाम' म्हणून बदनाम झाली होती. ती पाडून १९९० च्या दशकात टॉम कझिन्स या विकासकाच्या पुढाकाराने ५४२ घरांची नवी वसाहत उभी राहिली. त्यातली निम्मी घरे अनुदानित कुटुंबांना, निम्मी बाजारभावाने भाड्याला, आणि ती दोन इमारतींत वाटून नव्हे तर एकाच आवारात मिसळून. शेजारी शाळा निघाली, ती दोघांच्या मुलांसाठी. तिथे फाटक एक, व्यवस्थापन एक, आणि देखभालीचा खर्च साऱ्या वसाहतीचा म्हणून चालतो. पण हुरळून जाण्याचे कारण नाही. ६५० च्या जागी ५४२, त्यातली निम्मीच अनुदानित; साहजिकच जुन्या रहिवाशांपैकी पुष्कळांना परतीची वाटच राहिली नाही. तेहतीस-सातमध्ये प्रत्येक पात्र भाडेकरूला त्याच जागी, तेही मालकीचे घर मिळते, आणि ही गोष्ट अटलांटाला साधली नाही. त्यांनी मिसळून दाखवले पण सगळ्यांना परत आणले नाही. आम्ही नियमाने तरी सगळ्यांना परतीची वाट ठेवली आणि मध्ये भिंत घातली. या दोहोंचा मेळ घालणे अशक्य आहे असे मला एक हिशेबनीस म्हणून तरी वाटत नाही. विक्रीच्या घरांच्या मेंटेनन्समधून प्रति चौरस फूट एक लहान रक्कम सामायिक पायाभूत सोयींसाठी, म्हणजे टाक्या, अग्निशमन, आवार आणि बाग यांसाठी, दोन्ही सोसायट्यांच्या एका संयुक्त संघाकडे जावी आणि ती अट विक्रीच्या करारातच असावी, एवढे जरी नियमात आले तरी आमचे बिल हजाराने उतरेल.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींचे काम आता हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर करत आहे. तिथे १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे आहेत, आणि वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. विकासक खाजगी नसून म्हाडा आहे, आणि घराचा दर्जा, मी एका नातेवाइकाकडे जाऊन पाहिला तेवढ्यावरून, आमच्यापेक्षा पुष्कळ उजवा आहे. पण इमारत चाळीस मजल्यांची आहे. सोळा मजल्यांचे बिल ज्याने भरले आहे, त्याला चाळीस मजल्यांच्या लिफ्टकडे पाहून कौतुक आणि काळजी एकदमच वाटते.

शेजारच्या चाळीतल्यांना मी जे सांगतो ते असे. चौरस फुटांवर सभा खर्च करू नका. किमान क्षेत्र नियमाने मिळते, आणि पूर्वी ७० टक्के संमती लागत असे ती आता ५१ टक्क्यांवर आल्याने चर्चेचा वेळ तुमच्या हातात कमी आहे. कॉर्पसचा आकडा व्याजात मोजा, लाखात नाही, आणि तो भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी सोसायटीच्या खात्यात आला पाहिजे असे करारात लिहून घ्या. दोनऐवजी तीन लिफ्ट मागण्यापूर्वी तिसरीचा खर्च विचारा. संपूर्ण भूखंडाचा नकाशा मागा, फक्त तुमच्या इमारतीचा नको, आणि बाग, वाट व फाटक यांवरचा सामायिक हक्क हस्तांतरण दस्तात शब्दाने नमूद करा. तोंडी आश्वासनावर आम्ही झोके मिळवू पाहिले होते.

आमची वार्षिक आमसभा येत्या रविवारी सकाळी दहाला स्टिल्टमध्ये आहे. विषयपत्रिकेवर दोन विषय आहेत: लिफ्ट क्रमांक दोनचा दोर बदलण्यासाठी आलेले अंदाजपत्रक, आणि मधल्या दाराचे कुलूप पावसाळ्यात तरी उघडे ठेवावे यासाठी पलीकडच्या सोसायटीला द्यायचे पत्र. शेजारच्या चाळीतील तिघांना मी मागच्या खुर्च्यांवर बसायला बोलावले आहे, आणि येताना वही आणा असे सांगितले आहे.